ईद चंद्रावर, मोगरा सूर्यावर

शाबान निम्मा सरला की आपल्या घरांतून झाडलोट सुरू होते. माळे उपसले जातात, पडदे धुतले जातात, स्वयंपाकघरातले डबे उन्हात पडतात. मग पाळी अंगणाची. कुंड्यांना गेरू लागतो, तण उपटले जाते आणि त्याच झपाट्यात कुणीतरी कात्री घेऊन मोगरा, गुलाब आणि मेंदीचे कुंपण नीटनेटके करून टाकते. ईदला पाहुणे येणार, वाटेत आलेल्या फांद्या कुणाच्या कपड्यांत अडकायला नकोत, हा हेतू चांगलाच असतो. पण गेली काही वर्षे याच कात्रीमुळे आमच्या ओळखीच्या किती तरी घरांतला मोगरा उन्हाळाभर बिनफुलाचा राहतो आहे. 'पूर्वी इतका फुलायचा, आता काय झाले कुणास ठाऊक' ही तक्रार आम्ही दर मे महिन्यात ऐकतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. अंगणात मरहूम दादींनी लावलेला बटमोगरा आहे, पंचवीस-तीस वर्षांचा. २०२४ साली ईद ११ एप्रिलला होती. मार्चच्या सुरुवातीला घरच्यांनी एका माळ्याला बोलावले. त्याने झुडूप गुडघ्याएवढे कापले आणि निघताना सांगितले, "छाटल्याशिवाय मोगरा फुलत नाही." त्याचे बोलणे खरे होते, तारीख चुकलेली होती. ईदच्या दिवशी झुडपावर एक कळी नव्हती. एप्रिल गेला, मे गेला, नुसती पाने. जूनमध्ये थोडी फुले आली, ती पहिल्याच पावसात मातीत गेली. मग घरात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले झाड म्हातारे झाले, कुणी म्हणाले नजर लागली, आणि नव्या सुनेने झाडाला हात लावल्यापासून असे झाले, असेही एका फुफींनी बोलून दाखवले. शेवटी झुडूप उपटून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे मोटारसायकल ठेवायला जागा होईल, इथपर्यंत गोष्ट आली.

झाड अगदी निरोगी होते. त्याची फुले मार्चमध्ये कापलेल्या फांद्यांबरोबर कचऱ्यात गेली होती, एवढेच. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा छाटणी झाली, खत मिळाले, आणि २०२५ च्या ३१ मार्चला, ईदच्या सकाळी, त्या घरातल्या मुलींच्या केसांत अंगणातल्याच कळ्या होत्या. सून अजून त्याच घरात आहे आणि झाडाला पाणी तीच घालते.

हे असे का होते, ते समजून घेतले तर कुणाला नजरेवर किंवा सुनेवर जावे लागणार नाही.

मोगरा गेल्या वर्षीच्या जून फांदीवर फुलत नाही. जून फांदीच्या डोळ्यातून जी नवी हिरवी फूट निघते, तिच्या शेंड्यावर कळ्या येतात, बहुधा तीन-तीनच्या झुपक्याने. त्यांतली मधली आधी उमलते. थंडीत झाड जवळजवळ झोपलेले असते. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की ते जागे होते, फुटवे काढते आणि त्या फुटव्यांवर मार्चपासून कळ्या धरते. म्हणून झोपलेल्या झाडाची छाटणी केली तर फायदा होतो. जितक्या काड्या नीट कापाल, तितके नवे फुटवे आणि तितकी फुले. तीच छाटणी मार्चमध्ये केली तर नेमके कळ्यांचे फुटवे जातात. झाड पुन्हा फुटते, पण त्या फुटीवर कळ्या येईपर्यंत दीड-दोन महिने जातात आणि तोवर पाऊस दारात उभा असतो.

आता प्रश्न असा की ईदच्या आधी मोगरा छाटायची रीत आली कुठून? आपल्या दाद्या-नान्या काही अडाणी नव्हत्या. आमच्या मते याचे उत्तर कॅलेंडरात आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. इंग्रजी वर्षाच्या मानाने ते दरसाल सुमारे ११ दिवस आधी संपते. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. १९९८ आणि १९९९ साली ईद-उल-फित्र जानेवारीत होती. २००० साली तर ती दोनदा आली, एकदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस. २००१ आणि २००२ मध्ये ती डिसेंबरात होती. त्या पाच वर्षांत ईदची साफसफाई आणि मोगऱ्याच्या छाटणीचा हंगाम एकाच वेळी येत होते. ज्या मुली त्या वर्षांत लग्न होऊन सासरी आल्या, त्यांनी सासूला ईदच्या आधी कात्री चालवताना पाहिले आणि उन्हाळ्यात टोपलीभर फुलेही पाहिली. सासू थंडी बघून कापत होती. सुनेच्या लक्षात ईद राहिली.

पुढे ईद सरकत गेली. २०१० मध्ये सप्टेंबर, २०१५ मध्ये जुलै. पावसाळ्यात कापलेले झुडूप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सावरते, त्यामुळे कुणाला फरक जाणवला नाही. २०२३ मध्ये ईद २२ एप्रिलला आली, मग ११ एप्रिल, मग ३१ मार्च. आता साफसफाई थेट कळ्यांच्या हंगामात पडू लागली आहे, आणि २०२९ पर्यंत ती फेब्रुवारी-मार्चच्या आसपासच राहील. नुकसान दिसू लागले ते याच कारणाने. २०३१ च्या सुमारास ईद पुन्हा जानेवारीत येईल, तेव्हा ईदच्या आधी छाटणारे काही वर्षे पुन्हा बरोबर ठरतील.

रोजे, ईद, हज चंद्रावर आणि शेती-बाग सूर्यावर, ही विभागणी नवी नाही. दहाव्या शतकातल्या कॉर्डोबाचे एक प्रसिद्ध पंचांग आहे. अरबीत लिहिलेल्या त्या पंचांगात शेतीची कामे हिजरी महिन्यांप्रमाणे न देता सौर महिन्यांप्रमाणे दिलेली आहेत. आपल्याकडे अकबराच्या काळात सारावसुलीसाठी फसली सन आला, कारण हिजरी वर्ष धरले तर कधी पीक उभे असतानाच सारा मागायची वेळ येई. मराठवाड्यातल्या वाचकांच्या घरात निजामाच्या काळातले जमिनीचे कागद असतील तर त्यांवर फसली साल दिसेल. मराठ्यांच्या दफ्तरातला शुहूर सन तर आणखी मजेचा आहे. त्यात तारीख आणि महिना हिजरी, मोहरम-सफरचा, पण वर्ष सुरू होई मृग नक्षत्रावर, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. आजही आपला मुसलमान शेतकरी रोजे चंद्र बघून धरतो आणि पेरणी मृग बघून करतो. त्याला यात काहीच अवघड वाटत नाही.

उमराहून आलेल्यांपैकी काही जण ताइफला जाऊन आलेले असतात. मक्केजवळच्या त्या डोंगराळ शहरातला गुलाब प्रसिद्ध आहे. त्याचे अत्तर आणि गुलाबपाणी काबा शरीफच्या गुस्लसाठी वापरले जाते. हज दरवर्षी सरकतो, पण ताइफचा गुलाब दर वसंतात, मार्च-एप्रिलमध्येच फुलतो, आणि त्याची छाटणी हिवाळ्यातच होते. तिथला माळीही झाडासाठी सूर्याकडेच बघतो.

आता प्रत्यक्ष छाटणी. मोगऱ्यासाठी डिसेंबरचा पहिला आठवडा ते जानेवारीचा पहिला पंधरवडा हा काळ धरावा. कोकणात थंडी उशिरा आणि कमी पडते, तिथे डिसेंबर अखेर बरी. विदर्भ-मराठवाड्यात डिसेंबरच्या सुरुवातीलाही चालते. छाटणीच्या आधी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचे. डाळिंब-मोसंबीचा बहार धरणाऱ्यांना हे सांगायला नको. जमिनीतल्या झुडपाला दोन-तीन आठवडे, कुंडीतल्याला आठ-दहा दिवस पुरे. कुंडीची माती लवकर सुकते, तिथे जास्त ताण दिला तर झाडच जाईल. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण बसला असे समजावे. उरलेली पाने हाताने काढून टाकावीत.

कात्री धारदार हवी. नर्सरीत किंवा द्राक्षवाल्यांच्या दुकानात सिकेटर मागितले की मिळते. भाजीची कात्री आणि विळी या कामाला नको. त्यांनी काडी कापली जात नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या जागी बुरशी धरते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटने किंवा डेटॉलने पुसावे. आधी वाळलेल्या काड्या काढाव्यात. नखाने साल खरवडली की आत हिरवे नाही, ती वाळलेली. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या. झुडपाच्या मध्यात हवा आणि ऊन शिरले पाहिजे. मग उरलेल्या फांद्या जमिनीपासून दीड फुटावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासे वर, तिरक्या कापाव्यात. कुंडीतला मोगरा असेल तर उंचीचा एक तृतीयांश भाग काढला तरी पुरे. अंगठ्यापेक्षा जाड काप पडला तर त्यावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी.

वर्षानुवर्षे न छाटलेले जुने झुडूप एकदम भुईसपाट करू नये. पहिल्या वर्षी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश मुळापासून काढाव्यात, दुसऱ्या वर्षी आणखी तितक्याच, तिसऱ्या वर्षी उरलेल्या. तीन वर्षांत पूर्ण झुडूप नवे होते आणि मध्ये एकही उन्हाळा फुलांवाचून जात नाही. घरात वडीलधाऱ्या माणसाच्या हातचे झाड असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू, थोडा वेळ लागला तरी.

छाटणी झाली की आळे उकरून चांगले कुजलेले शेणखत किंवा लेंडीखत घालायचे आणि मग पाणी सुरू करायचे, आधी थोडे, फुटवे दिसू लागले की भरपूर. फुटवे येताना सावली नको. मोगऱ्याला दिवसातून पाच-सहा तास ऊन लागतेच. गच्चीत किंवा खिडकीत ऊन येत नसेल तर छाटणी कितीही चांगली केली तरी पाने जास्त आणि फुले कमी.

पहिला बहर ओसरला की आणखी एक हलकी कात्री द्यावी. फुलून गेलेला शेंडा, त्याखालच्या पानांच्या एक-दोन जोड्यांसह, खुडून टाकायचा. त्याच्या खालून दोन नवे फुटवे येतात आणि महिन्या-सव्वा महिन्यात दुसरा बहर. हे काम पावसापर्यंत चालू ठेवता येते. मुलांनाही करता येते, सुट्टी असतेच.

आता अंगणातल्या इतर झुडपांविषयी. सगळ्यांना एकच कात्री एकाच दिवशी, ही दुसरी मोठी चूक. कुंद थंडीत फुलतो. मोगऱ्याच्या नादात डिसेंबरात त्यालाही कापले तर फुलांनी भरलेल्या फांद्याच जातील. त्याचा बहर संपू द्यावा, मग छाटावे. अनंत, ज्याला काही घरांत गंधराज म्हणतात, तो मोगऱ्याच्या अगदी उलट. त्याच्या कळ्या जुन्या फांद्यांवर, उमलण्याच्या किती तरी महिने आधीच तयार होऊ लागतात. म्हणून अनंताचा बहर संपताच, त्याच महिन्यात छाटणी उरकावी आणि नंतर पुढच्या बहरापर्यंत त्याला हात लावू नये. हिवाळ्यात मोगऱ्यासारखा कापलेला अनंत पुढच्या हंगामात गप्प बसतो. बोगनवेल कोरड्या दिवसांत रंगते. तिचा रंग ओसरला की पावसाच्या तोंडावर तिला हवी तशी कापा, ती काही मनाला लावून घेत नाही.

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. कलमी गुलाबाला त्यानंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुले येतात. कलमाच्या गाठीखालून जी फूट येते ती जंगली गुलाबाची. ती उगमापासून उपटावी, नाहीतर दोन वर्षांत लाल गुलाबाच्या जागी नुसते काटे उरतात. एरवी, ईदच्या आधीही, सुकलेली फुले काढायला हरकत नाही. ज्या पानाला पाच छोटी पाने आहेत, अशा पहिल्या पानाच्या वर काप घ्यावा.

मेंदीच्या कुंपणाची गोष्ट वेगळी आहे. पानांसाठी मेंदी हवी असेल तर ती कधीही कापा. जितकी कापाल तितकी कोवळी पाने मिळतील, आणि ईदच्या चांदरातीला कोवळ्याच पानांचा रंग चढतो. पण मेंदीला फुलेही येतात, बारीक, फिकट पिवळसर, घोसाने. अरबीत त्यांना फागिया म्हणतात आणि हिनाचे अत्तर त्यांच्यापासूनच काढतात. वारंवार कापल्या जाणाऱ्या कुंपणाला ती येत नाहीत, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यभर मेंदी लावली पण तिचा फुललेला घोस पाहिलेला नाही. कुंपणाच्या टोकाचे एक झुडूप वर्षभर मोकळे सोडून पाहावे.

मग ईदच्या साफसफाईत अंगणात करायचे तरी काय? वाळलेल्या काड्या काढा, त्यांचा मोसम नसतो. वाटेत आलेल्या फांद्या सुतळीने मागे ओढून बांधा. खालची पिवळी पाने वेचा, माती भुसभुशीत करा, कुंड्यांना गेरू लावा, आळ्याभोवती विटा रचा. एवढ्याने अंगण पाहुण्यांसमोर चांगले दिसते. माळी बोलावलाच असेल तर त्याच्यासोबत उभे राहा आणि मोगऱ्याच्या हिरव्या शेंड्याकडे बोट दाखवून सांगा, याला हात लावायचा नाही. मजुरी दिवसाची ठरलेली असते, त्यामुळे काम दिसावे म्हणून तो कापतच राहतो. त्याला दुसरे काम द्या.

बकरीदच्या बोकडाचाही उल्लेख केला पाहिजे. २०२५ मध्ये बकरीद ७ जूनला होती, म्हणजे बोकड अंगणात बांधला गेला तो मोगऱ्याच्या बहरातच. त्याला जुनी फांदी आणि नवी फूट यांत फरक कळत नाही; नवी फूट जास्त आवडते इतकेच. दोरी झुडपापर्यंत पोचणार नाही इतकी आखूड ठेवावी. त्याच्या लेंड्या मात्र गोळा करून एका कोपऱ्यात मातीआड कुजवाव्यात, डिसेंबरच्या छाटणीला तेच खत कामी येते. ताज्या लेंड्या मुळाशी घालू नयेत.

आणि जुन्या झाडाची ज्यांना काळजी वाटते त्यांनी एक काम पावसाळ्यात करून ठेवावे. जून-जुलैमध्ये मोगऱ्याची एक लवचीक, जमिनीलगतची फांदी निवडावी. पेऱ्याखाली साल जराशी खरवडून तो भाग तीन-चार इंच मातीत दाबावा, वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर मोकळा ठेवावा. याला दाबकलम म्हणतात. पूर्वी मुलीच्या निकाहनंतर माहेरचा मोगरा सासरी जाई तो असाच. तीन-चार महिन्यांत मुळे धरतात. तेव्हा मूळ झाडाच्या बाजूने फांदी कापावी, आठवडाभर तिथेच राहू द्यावी आणि मग मातीच्या गड्ड्यासह उचलून कुंडीत लावावी. मधल्या काळात मुळे फुटली का हे पाहण्यासाठी फांदी ओढू नये. शेंड्याला नवी पाने आली की खाली मुळे आली.